जागा

खाली चौदा माग चालतात, वर माझी खोली.
भिंतींना गाद्या टेकवल्यात,
खिडकीवर दोन जाड चादरी खिळ्यांनी ठोकल्यात,
तरी आवाज येतोच. खटक-खटक, खटक-खटक,
रात्री दीडलाही तोच वेग.
चौदा जण आणि एकच ताल, वाटायचं मला.
मी त्यावर घड्याळ लावायची.

पडद्यावर सोळा व्हायोलिनं, सहा चेलो,
चार हॉर्न, एक ओबो.
कुणीच जेवलेलं नाही, कुणालाच जांभई येत नाही.
सुराची पट्टी ठेवली की सगळे एकदम उभे,
साहेब तपासणीला आल्यावर वर्ग उठतो तसे.

आवाज वाढवून पाहिला. घुमारा घातला,
आधी गिरणीच्या रिकाम्या शेडएवढा,
मग थोडा कमी.
प्रेताला अत्तर लावल्यासारखं झालं.

पेद्दनाना जिना चढून आले, तीन ठिकाणी थांबत.
दिवसा गिरणी, रात्री लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट,
अशी सव्वीस वर्षं.
भोंगा बंद पडला, कापूस छातीत राहिला.
"काय करालीस गं रात्रभर?"
हेडफोन उलटा घातला, डोळे मिटून ऐकलं.
"बरंय. पण हा माणूस श्वास कवा घ्यालाय?"

"माणूस नाही तो, नाना. सॅम्पल आहे."

"मग सॅम्पल कवा घ्यालाय?"

उत्तर नव्हतं. ते खुर्चीत नीट बसले.
"आणि हे सोळा. एकाच आईचे काय?
आमचा तिप्पण्णा कायम उशिरा.
विडी विझवून कानावर ठेवणार, मगच ट्रम्पेट उचलणार.
इसाकला घाई, त्याची पुढची सुपारी असायची विजापूर वेशीत.
भीमण्णा वरचा सूर जरा उतरलेलाच लावायचा,
पण नवरी निघताना तो नसला
तर मांडवात कुणी रडायचं नाही."

ते झोपल्यावर मी पट्ट्या सरकवल्या.
बारा मिलिसेकंद मागं: तिप्पण्णा.
नऊ पुढं: इसाक.
चौथ्या बाकावरचा सूर केसभर खाली: भीमण्णा.
पाचव्याला नाव सुचेना,
खालच्या रात्रपाळीच्या नागम्माचं दिलं.
धागा तुटला की माग थांबायच्या आत
ती उठलेली असते. तिला तीन पुढं.

ओबोचं मात्र जमेना.
सकाळी म्हटलं, नाना, तुम्हीच गुणगुणून दाखवा.
पुरी होईना ती ओळ त्यांना.
कुणी शहाणा तोडणार नाही तिथं तुटली,
ऐन चढणीवर, शेवटून तिसऱ्या सुराआधी.
खोकले. हात वर केला, थांब म्हणून.
मग उरलेले तीन सूर
जवळजवळ आवाजाशिवाय.

माइक चालू होता.
दुपारभर मी माउसनं ती रेषा ओढत बसले,
कुठं छाती भरली, कुठं रिती झाली,
घडी घातलेल्या चादरीवरून तळवा फिरवावा तशी.
बाहेर ऊन, शेंगा भाजल्याचा वास, रस्त्यात कुत्रंही नाही.
चढणीवर पाव सेकंद कोरा सोडला.
तिथं काही वाजत नाही.
सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

संध्याकाळी त्यांना ऐकवलं. ह्या खेपेला हेडफोन सुलटा.
चढण आली तेव्हा त्यांचा स्वतःचा श्वास अडला,
मी पाहिलं, पण ते त्यावर बोलले नाहीत.
म्हणाले, "चौथा कोण गं? भीमण्णा काय?"
हो म्हटलं.
"एवढा काही सुरात नव्हता तो."

मी आणखी केसभर उतरवला.
तेवढ्यात खाली धागा तुटला असावा,
एक माग गप्प झाला,
आणि त्या फटीतून पहिल्यांदा ऐकू आलं:
उरलेले तेरा
एकमेकांसोबत कधीच नव्हते.